आठवी झारी

१

झुडपं सात आहेत. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणीतरी म्हणणार की या बाईंना मोजता येत नाही. चौतीस वर्षं मी वार्ताहर होते. नगरपालिका, न्यायालय, आगी, अपघात. एका मंत्र्याला त्याच्याच भाषणातली चुकलेली बेरीज भर पत्रकार परिषदेत दाखवून दिली होती आणि त्यासाठी तीन महिने नाट्यसमीक्षा लिहायला बसले होते. मला मोजता येतं.

तर, पांढऱ्या हायड्रेंजियाची सात झुडपं. ताईच्या घरामागे, तिच्या खोलीच्या खिडकीसमोर, भिंतीलगत एका ओळीत. कमरेच्या वर गेलेली, आणि प्रत्येकावर तान्ह्या मुलाच्या डोक्याएवढे फुलांचे गोळे. ताई त्यांना 'मंडळी' म्हणते. तिच्या खुब्याचं हाड मोडलं म्हणून मी बॅग घेऊन राहायला आले, तेव्हा पलंगावरून तिचं पहिलं वाक्य होतं, "मंडळींना पाणी कोण घालणार?"

"मी बरी आहे. प्रवास चांगला झाला," मी म्हटलं.

"तोंड चालतंय म्हणजे बरीच असशील. झारी मागच्या दाराशी आहे."

मग सूचना. पाणी सकाळी, ऊन वर यायच्या आत. एका झुडपाला एक भरलेली झारी, ती मुळाशी, फुलांवर नाही. मुळांवर झाडाच्या सालींचा भुगा पसरायचा, म्हणजे ओल टिकते. पण खोडाभोवती टीचभर जागा मोकळी सोडायची, नाहीतर खोड कुजतं. वाळलेले गोळे थंडीभर तसेच ठेवायचे. थंडी सरता सरता सगळं झुडूप गुडघ्याएवढं छाटून टाकायचं, जीव कळवळला तरी, कारण ही जात नव्या फुटव्यावरच फुलते.

"आणि रंग? मातीत काहीतरी घातलं की रंग बदलतो म्हणे."

"ती निळी-गुलाबी जात. जशी माती तसा रंग. ही बदलत नाही. कुठेही लाव, पांढरीच." ताईने उशी सारखी केली. "तुझ्या संपादकांना एक कुंडी द्यायला हवी होती."

२

पहिल्याच आठवड्यात मी चूक केली. दुपारी साडेबाराच्या सुमाराला सहज मागे गेले तर सगळ्या झुडपांनी माना टाकलेल्या. पानं लोंबत होती, गोळे जमिनीकडे झुकले होते. मी झारी भरून धावले.

"ठेव ती झारी," ताईचा खिडकीतून आवाज आला.

"मरतायत गं ही."

"कुणी मरत नाहीये. पानं मोठी आहेत. उन्हात जेवढं पाणी उडतं तेवढं मुळांना पुरवता येत नाही, म्हणून अंग सोडतात. संध्याकाळी बघ, ताठ झालेली असतील. माती ओली असताना आत्ता आणखी ओतलंस तर मुळं कुजतील."

मी हात पुसत आत आले. ताई खिडकीशी खुर्चीत बसली होती, समोर वॉकर. बाहेरच बघत म्हणाली, "दुपारी माना टाकणं हा त्यांचा स्वभाव आहे. जे टाकत नाही, त्याचं मला कळत नाही."

"कोणतं टाकत नाही?"

"ते मधलं. चौथ्याच्या पलीकडचं."

मी तिच्या खुर्चीमागे उभी राहिले. सात झुडपं, सातही वाकलेली. चौथ्या आणि पाचव्याच्या मधे जरा जास्त अंतर होतं, आणखी एक झुडूप मावेल एवढं. तिथे मागची भिंत स्वच्छ दिसत होती.

"ताई, तिथे जागा आहे नुसती."

"जागा मीच सोडली होती, लावताना. का सोडली आठवत नाही. हात आपोआप पुढे गेला." तिने बोटाने ती जागा दाखवली. "आधी रिकामीच असायची. तू आल्यापासून आहे ते. सकाळ-संध्याकाळ नसतं. दुपारी बाकीच्यांनी माना टाकल्या की दिसतं, एकटं ताठ."

"मला दिसत नाही."

"बरं," ताई म्हणाली. लहानपणी मी खोटं बोलले की ती असंच 'बरं' म्हणायची. पण या खेपेला मी खोटं बोलत नव्हते.

३

भाचा दर रविवारी येतो. मालवाहतुकीच्या कंपनीत आहे, सगळं वेळेत पोचवायची सवय. आईवर त्याचा जीव आहे, हे मी त्याच्याशी भांडतानाही मान्य करते. या रविवारी तो संध्याकाळी आला तो फाइल घेऊन.

"मावशी, तू किती दिवस पुरणार आहेस? महिना, दोन महिने. मग?"

"मग मी मेले असं समज आणि पुढचं ठरव."

"बघ, तुझ्याशी बोलायचं कसं माणसाने?" त्याने फाइल उघडली. वृद्धनिवास चांगला होता. चौथा मजला, लिफ्ट, चोवीस तास परिचारिका. फोटोत एका गच्चीवर प्लास्टिकची हिरवळ होती. ताई स्वतःहून जाणार नव्हती, म्हणून गुरुवारी तिथल्या निरीक्षक बाई येऊन तिला तपासणार होत्या. मन ठिकाणावर नाही असं त्यांनी लिहिलं की निर्णय मुलाच्या हातात. अर्जात त्याने कारण लिहिलं होतं: 'आईला बागेत नसलेलं झुडूप दिसतं.'

"एवढ्यावरून?"

"मला फोनवर तीनदा सांगितलं तिने, आठ आहेत म्हणून. मी आत्ता येताना मोजली. सात आहेत. तुला किती दिसतात?"

"सात," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

"मग?" तो म्हणाला, आणि मी फाइल मिटून त्याच्याकडे सरकवली. चौतीस वर्षांत माझ्यावर अशी वेळ फारशी आली नव्हती.

४

सोमवारी सकाळी पाणी घालताना मला काहीतरी खटकलं. काय, ते कळेना. झाऱ्या रोजच्यापेक्षा जास्त वाटल्या का? की रोज तेवढ्याच असतात आणि आज मी लक्ष दिलं?

मंगळवारी मी नळाजवळच्या कट्ट्यावर एकेक खडा ठेवत गेले. झारी भरली की एक खडा. नळापासून ओळीपर्यंत बावीस पावलं. पहिल्या झुडपापासून सुरुवात, सातव्याशी शेवट. एक झुडूप, एक झारी. परत येऊन पाहिलं तर कट्ट्यावर आठ खडे होते.

माणूस स्वतःला काय काय सांगतो. एक झारी वाटेत सांडली असेल. एक खडा कालचा असेल. साठी उलटली बाई तुझी. बुधवारी मी कट्टा झाडून घेतला, खडे मोजून खिशात टाकले, आणि प्रत्येक झुडपापाशी मोठ्याने आकडा म्हटला. पाच, सहा, सात. मग नळाशी आले. आठ खडे. तोंडाने सात झुडपं मोजली होती आणि हातांनी आठ झाऱ्या ओतल्या होत्या. आठवी कुठे ओतली, हे मला आठवत नव्हतं. आठवणीत भोकही नव्हतं. सकाळ सलग होती.

तेव्हा मी त्या मधल्या जागेपाशी गेले. माती ओली होती. एक झारी पाणी मुरल्यावर पडतो तेवढा गोल डाग. त्यावर भुगा नीट पसरलेला, आणि मधोमध टीचभर जागा मोकळी सोडलेली.

खोडासाठी सोडतात तशी.

ती मी सोडली होती. तिथे माझ्या बोटांचे ठसे होते.

५

त्या दुपारी मी ताईच्या खोलीत गेले नाही. पुढच्या खोलीत पंख्याखाली बसून राहिले, आणि बऱ्याच वर्षांनी मला इस्त्रीवाली आठवली.

नोकरीच्या अकराव्या वर्षातली गोष्ट. एका इमारतीच्या पायाचा खड्डा खचला. ठेकेदाराच्या हजेरीपटावर चार मजूर होते, नगरपालिकेच्या निवेदनात चार, आणि बाहेर काढलेले मृतदेह चार. समोरच्या टपरीत इस्त्री करणारी एक बाई होती. ती म्हणाली, सकाळी पाच जण खाली उतरले, मी बघितलं. मी लिहून घेतलं. संपादक म्हणाले, एक साक्षीदार म्हणजे बातमी नव्हे. मला ते पटलं होतं. खोटं कशाला बोलू, संपादकांवर ढकलून मोकळी होणार नाही. मला पटलं होतं.

बाई तीन दिवस कार्यालयात येत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने पिशवीतून एक पांढरा सदरा काढून माझ्या टेबलावर ठेवला. कडक इस्त्री, धारदार घडी.

"त्याचाय. आदल्या दिवशी टाकला होता माझ्याकडे. कामावरून सुटल्यावर नेतो म्हणाला होता. आला नाही. आता सांगा, चार का पाच?"

"बाई, सदरा म्हणजे पुरावा नाही," मी म्हटलं.

तिने सदऱ्याची घडी मोडू न देता तो परत पिशवीत ठेवला. छापून आलं: चार ठार. चौथा सापडल्यावर खोदकाम थांबवलं होतंच. त्याच पायावर इमारत उभी राहिली. मी तिच्यावरून शेकडो वेळा गेले असेन, तिथे एक बँक होती.

मी आयुष्यभर सगळ्यांच्या अंगावर धावून गेले. अधिकारी, ठेकेदार, वकील. त्या बाईच्या बाजूने मात्र एक ओळ लिहिली नाही, कारण तिच्याकडे कागद नव्हता.

हे सगळं आठवून झाल्यावर मी काय केलं, तर उठून ताईकडे गेले आणि म्हटलं, "उद्या त्या बाई विचारतील. सात म्हण."

"पण आठ आहेत."

"असतील. तू सात म्हण. एका आकड्यासाठी चौथ्या मजल्यावर जाऊन बसायचंय का प्लास्टिकच्या गवतात?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, कुतूहलाने. "असं किती जणांना सांगितलंस गं, नोकरीत?"

६

निरीक्षक बाई गुरुवारी भर बारा वाजता आल्या. भाचा त्यांना घेऊन आला. पंचेचाळिशीच्या, मृदू बोलणाऱ्या, हातात कागद लावलेली पाटी. मला त्यांच्याशी भांडायचं होतं, पण त्यांनी तशी संधी दिली नाही.

वार कोणता, महिना कोणता. तीन शब्द सांगते, ते लक्षात ठेवा.

"शंभरातून सात वजा केले तर?"

"त्र्याण्णव," ताई म्हणाली. "मग शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर. थांबू, की तळाला नेऊ?"

बाई हसल्या. भाचाही हसला, आणि मला वाटलं, जिंकलो.

"आता एक सोपा प्रश्न. या बागेत झुडपं किती आहेत?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"सात," ताई म्हणाली.

बाईंनी पेन टेकवता टेकवता सहज खिडकीबाहेर नजर टाकली. पेन थांबलं. त्यांचे ओठ हलले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मग हळूच विचारलं, "पुन्हा एकदा सांगाल?"

"सात."

बाईंनी पाटीवर फुली मारली.

"अहो, सातच आहेत," असं म्हणत भाचा खिडकीशी गेला. अंगठ्याने बोटांची पेरं मोजू लागला. एकदा, दोनदा. मग माझ्याकडे वळला तो खजील होऊन. "आठ आहेत की. मावशी, आठ आहेत. मी रविवारी घाईत मोजली असणार."

"ते मधलं तेवढं छान ताठ आहे," निरीक्षक बाई म्हणाल्या. "बाकीच्यांना पाणी कमी पडतंय का?"

"त्यांना काही कमी पडत नाहीये," ताई म्हणाली.

मी पुढे होऊन त्यांच्या खांद्यांमधून बाहेर पाहिलं. सात वाकलेली झुडपं. मधे रिकामी जागा आणि भिंत. भिंतीवरून एक सरडा चालला होता, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मधे कुठेही न झाकला जाता.

"फुली खोडा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच पडलेला वाटला. "ती आठच म्हणत होती. सात म्हणायला मी लावलं."

"का बरं?"

"मला सात दिसतात."

"आत्ता?"

"आत्ताही."

बाईंनी पेन पाटीला अडकवलं. मग बाई माझ्याशी, ताईशी बोलल्या होत्या त्याहूनही मऊ आवाजात बोलल्या. "एक करता का? बाहेर जाऊन एकेकाला हात लावून मोजता? नुसती खात्री म्हणून."

मी गेले. ऊन डोक्यावर होतं. पहिल्या झुडपावर हात ठेवला, फुलं कोमट आणि सैल लागली. एक. दोन. तीन. चार. प्रत्येक वेळी मी खिडकीकडे बघत होते. काचेमागे तीन चेहरे, ताईचा, भाच्याचा, बाईंचा. ओठ माझ्याबरोबर मोजत होते.

चौथ्यावरून पाचव्याकडे जाताना माझा हात हवेतून गेला. तो अर्ध्यावर असताना खिडकीतल्या तिघांनी एकदम माना डोलावल्या. बरोबर, असं. लावलास हात.

माझे ओठ पाच म्हणाले तेव्हा त्यांचे सहा म्हणत होते.

ओळ संपल्यावर मी उजवा तळहात गालाला लावून पाहिला. तो गरम होता. उन्हाची ऊब अशी नसते. नुकत्याच इस्त्री झालेल्या कापडावरून हात फिरवल्यावर असते तशी, कोरडी, सपाट ऊब.

७

फुली खोडली गेली. बाईंनी लिहिलं की मन उत्तम स्थितीत आहे, घरीच राहायला हरकत नाही. भाच्याने अर्ज परत घेतला आणि आईच्या पाया पडावं तसा तिच्या खुर्चीशी बसून राहिला. जाताना दारात मला म्हणाला, "मावशी, चष्म्याचा नंबर तपासून घे. मी घेऊन जाईन."

"तू आधी मोजायला शिक," मी म्हटलं, पण त्यात दम नव्हता.

शुक्रवारी दुपारी ताई झोपली होती. मी तिच्या खुर्चीत, खिडकीशी बसले. बारा वाजले. मंडळींनी माना टाकायला सुरुवात केली, आधी कडेची, मग मधली. मधे रिकामी जागा.

मला वेड लागलेलं नाही, याचा विचार मी शांतपणे केला. तिघांना दिसतं, मला दिसत नाही. न्यायालयात मी तिघांवर विश्वास ठेवला असता. हातांनी आठ झाऱ्या ओतल्या, तेव्हा हातांना माहीत होतं. डोळ्यांना तेवढं माहीत नव्हतं, आणि डोळे माझे सगळ्यात जास्त सरावलेले. अधिकृत आकड्यापलीकडचं बघायचं नाही, हा सराव मीच त्यांना दिला होता.

"आठ," मी मोठ्याने म्हटलं.

काही झालं नाही. ताईचा श्वास संथ चालू होता.

मग मी ते म्हटलं जे वेळेवर म्हणायला हवं होतं. "पाच. पाच जण खाली उतरले होते."

चौथ्या आणि पाचव्याच्या मधे काहीतरी पांढरं खाली झुकलं. मान झुकते तसं, सावकाश. पापणी लवायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ मी ते पाहिलं. फुलांचा पांढरा नव्हता तो. त्यावर वरून खाली एक सरळ, धारदार घडी होती.

नंतर पुन्हा भिंत.

मी बराच वेळ रडले, आवाज न करता. आणि मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं. वाटलं, झालं. त्याला मोजून घ्यायचं होतं, मोजलं. एखाद्या उपसंपादकाने गोष्ट इथेच तोडली असती, आणि मीही त्याच्याशी भांडले नसते.

८

शनिवारी सकाळी मी पाणी घातलं. खडे ठेवायची सवय राहिली होती म्हणून ठेवले. शेवटची झारी रिकामी करून नळाशी आले आणि कट्ट्याकडे पाहिलं.

नऊ.

मी पुन्हा मोजले. मग ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जमीन तपासली. आठ ओले डाग. नववा तिथे नव्हता. तो इकडे होता, ओळ सोडून, घराच्या बाजूला, ताईच्या खिडकीच्या अगदी खाली. ओली माती, त्यावर भुगा, मधे टीचभर मोकळी जागा.

मी तिथे उभी राहिले आणि माझ्या बातम्या एकेक करून आठवू लागल्या. नाव उलटली होती, अकरा. कारखान्याला आग, सहा. वसाहतीवर दरड, सतरा. प्रत्येक आकडा अधिकृत होता, दोन ठिकाणांहून पडताळलेला. आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी कार्यालयात कुणाचा तरी फोन आला होता. कुणी आई, कुणी शेजारी, एकदा कुणाची तरी शाळेतली बाई. सगळे एकच म्हणत होते, आमचं एक माणूस मोजायचं राहिलंय. मी सगळ्यांना एकच उत्तर दिलं होतं.

चौतीस वर्षं. मी मनात बेरीज सुरू केली आणि सोडून दिली.

"काय गं," ताईचा आवाज वरून, खिडकीतून आला, "झालं का पाणी घालून?"

"नाही," मी म्हटलं, आणि झारी तिथेच ठेवून टाकीत पाणी किती आहे ते बघायला गेले.